अंजीर राखावे की तोडावे?

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील 13 व्या अध्यायाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. तीन वर्षे फळ न दिलेले अंजीर तोडण्याची आज्ञा धनी करतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो. भोवती खणीन, खत घालीन, मग नाहीच फळले तर तोडावे, असे त्याचे म्हणणे. आपण प्रवचनात त्याच्या दयेचे गुणगान करतो, ते योग्यच. परंतु तो आपला धंदा जाणणाराही होता. धन्याने झाडाची परीक्षा घेतली होती, माळ्याला अगोदर मातीची घ्यावयाची होती.

ही परीक्षा किती फसवी असू शकते, हे गेल्या शतकाच्याही मागच्या एका कथेवरून कळते. 1880 नंतर तुर्कस्तानातील स्मिर्ना येथील नामांकित अंजिराच्या काड्या कॅलिफोर्नियात नेऊन लावण्यात आल्या. झाडे जोमाने वाढली, पण कोवळी फळे गळून पडू लागली. व्यापाऱ्यांनी खोटा वाण देऊन फसवले, अशी ओरड झाली. अनेकांनी झाडे उपटली. वास्तविक वाण खराच होता. त्याच्या फळात पराग पोहोचविणारी एक चिमुकली वरटी असते, आणि तीच तिकडे नव्हती. स्मिर्नाचे शेतकरी रानअंजिराची फळे आपल्या झाडांवर टांगत, त्याला पुष्कळांनी अडाणी समजूत मानले होते. वास्तविक थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने ही रीत ख्रिस्तपूर्व काळातच नोंदवून ठेवली होती! अखेर 1899 मध्ये फ्रेस्नो येथे जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत ती वरटी रुजली आणि अंजिरे पिकली.

आपल्याकडे उंबर फोडला की आत किडे दिसतात व आपण नाक मुरडतो. तेही याच कुळातील सेवक. मात्र प्रत्येक जातीची वरटी निराळी. उंबराची वरटी स्मिर्नाच्या कामी येत नाही. म्हणून कुणी हौसेने परदेशी स्मिर्नाची काडी भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या परसात लावली, तर माळ्याने दहा वर्षे खत घातले तरी फळ पिकावयाचे नाही. सुक्या अंजिराच्या बीपासून रोप केले, तर निम्मी झाडे नर निघण्याचा संभव.

पुण्याकडच्या अंजिराचे तसे नाही. पुरंदर तालुक्यात पिकणारे, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे अंजीर वरटीवाचून फळते. त्याला हवी कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन. दिघोरी पडली धानाच्या मुलखात! पावसाळ्यात बांधीत पाणी तुंबणे हे धानाचे सुख, अंजिराचे मरण. दमट हवेत पानांवर तांबेरा येतो, पाने झडतात, आणि घरधनी कुऱ्हाड शोधू लागतो. अशा झाडाला मुदत दिलीच पाहिजे, असे माझे मत. उंचवटा करून पाण्याला वाट द्यावी, गळलेली पाने वेचून जाळावीत, दाट फांद्या विरळ कराव्यात. वर्षभरात फरक न दिसला, तर माळ्याची अटही तीच होती.

तोडण्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र इतिहास शिकवितो. यरीहोजवळील गिलगाल येथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची जळून कोळसा झालेली अंजिरे सापडली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ती वरटीवाचून फळणाऱ्या, म्हणजे रुजणारे बी नसलेल्या वाणाची असावीत व माणसांनी फांद्या लावून तो राखला असावा, असे अनुमान मांडले गेले. सर्व तज्ज्ञांना ते पटलेले नाही. परंतु अशा वाणाची गत तीच खरी: फांदी लावणारा हात थांबला की वाण संपला. बी नाही, म्हणून पाखरूही त्याला दूर नेऊन पेरू शकत नाही. वेढा घातलेल्या नगराची फळझाडेही तोडू नयेत, असे अनुवाद ग्रंथाच्या 20 व्या अध्यायात सांगितले आहे, ते काही उगीच नव्हे.

तेव्हा आजोबांनी आणलेले, गावात दुसरीकडे नसलेले झाड जागेअभावी काढावेच लागले, तर पक्व काडीची वीतभर लांबीची चार-पाच छाटकलमे अगोदर करावीत. अंजिराची काडी सहज मुळे धरते. एक शेजाऱ्याला, एक लेकीच्या सासरी द्यावे, आणि ती जगल्याचा निरोप आल्यावरच कुऱ्हाड हाती घ्यावी.