दाखला आणि दरवाजा

जून उजाडला की आमच्या पेणमध्ये दोन गोष्टींवर रंग चढायला लागतो : गणपतीच्या मूर्तींवर आणि कॉलेजच्या प्रवेशावर. मूर्तींना रंग कारागीर देतात, प्रवेशाला पालक. ओळखीतल्या एका काकांनी पुतण्याच्या प्रवेशासाठी हेडक्लार्कच्या घरी पापडांची चळतच्या चळत पोचवली होती. दुसऱ्या एका चिरंजीवांनी उभ्या जन्मात मैदान न तुडवता कबड्डीपटू असल्याचं सर्टिफिकेट जोडलं. चाचणीला बोलावलं तेव्हा त्यांनी ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत जी धाव घेतली, ती थेट एस.टी. स्टँडवर जाऊन थांबली!

अशा करामती ऐकल्या की मला आमच्याच भागातले दोन विद्यार्थी आठवतात. एक रोह्याचे चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. घर मात्र रोह्याचं. १९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही घेऊन गेले. पुढे केंब्रिज, मग १९१८ मध्ये आय.सी.एस.ला पुन्हा पहिले, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अशा मुलाने कुणाला पापड कशाला पाठवावेत? कॉलेजनेच त्याच्या घरी पाठवायचे!

दुसरे विनायक नरहर भावे, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, चिंतामणरावांहून काही महिन्यांनीच मोठे. यांनी तर कमालच केली. १९१६ साली आपली सर्टिफिकेटं चक्क जाळून टाकली! इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, ते वाटेत सुरतेला उतरून काशीला निघून गेले. तेच आपले विनोबा. खोटी सर्टिफिकेटं जोडणारे पुष्कळ पाहिले. खरी जाळणारे हेच.

पण हे दोघेही मुलगे होते, हे विसरून चालायचं नाही. मुलीची गोष्ट ऐकायची तर बंगलोरला जायला हवं.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम तऱ्हेने पास झाली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका टाटांच्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकलेले, तेव्हा तिनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकवाले सर सी. व्ही. रामन. उत्तर आलं, मुलींना प्रवेश नाही. गुण होते, दाखला होता, घराण्याची परंपरा होती. नडत होतं ते फक्त मुलगी असणं.

कमलाबाईंनी ना वशिला लावला, ना रडारड केली. त्या बंगलोरला गेल्या आणि रामनसाहेबांच्या कचेरीसमोर सत्याग्रहाला बसल्या! देशात मिठासाठी आणि जंगलासाठी सत्याग्रह झाले होते. प्रवेशासाठी हा नवाच. साहेब नमले, पण अटी घालून : पहिलं वर्ष कच्चा प्रवेश, मार्गदर्शक म्हणतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित करायचं नाही. आता सांगा, लक्ष पुरुषांचं, ते सांभाळायचं कमलाबाईंनी!

वर्षभराने रामनसाहेबांची खात्री पटली. कमलाबाईंचा प्रवेश पक्का झाला आणि इतर मुलींनाही वाट मोकळी झाली. १९३६ मध्ये एम.एस्सी., १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. तेच केंब्रिज, जिथे चिंतामणराव शिकले. पण स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला त्या थोर विद्यापीठाला १९४८ साल उजाडावं लागलं. म्हणजे दरवाजे काही बंगलोरलाच जड होते असं नाही.

विनोबांच्या त्यागाबद्दल मला आदर आहेच. तरी वाटतं, दरवाजा सताड उघडा असला की दाखला जाळायचंही स्वातंत्र्य असतं. कमलाबाईंना आपला दाखला जपून धरून दारात बसावं लागलं. आणि आत गेल्यावर त्यांनी दार मागे लोटून घेतलं नाही.