देवळाला सूट, मासिकाला दंड: ‘समाजस्वास्थ्य’ची गोष्ट

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका. विषय असा आहे की घरात स्पीकरवर लावला तर आई आतून ओरडेल, "काय ऐकतोय रे?" या एका प्रश्नापायी रघुनाथ धोंडो कर्वे यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

र. धों. म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्रही त्याच वर्षी सुरू झालं. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं.

त्यात असायचं काय? संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण. वाचक पत्रातून प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ मराठीत उत्तर द्यायचे. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, हे त्यांचं म्हणणं पहिल्याच पानावर दिसायचं. विचार करा, १९२७ साल आहे आणि पोस्टमन हा अंक घरी आणून देतोय!

१९३१ मध्ये पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांना कोर्टात खेचलं. निमित्त होतं व्यभिचारावरचा एक लेख. अटक झाली, १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, या वेळी गुजराती अंकातल्या प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन, समलैंगिकता अशा प्रश्नांना उत्तरं दिली, हा गुन्हा.

आणि कर्व्यांचे वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! धुळ्याच्या मंडळींना वकील बाबासाहेब नवे नाहीत. ३१ जुलै १९३७ ला ते धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते. आजही दर ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते.

बाबासाहेबांचा मुद्दा साधा होता. लोक लैंगिक प्रश्न विचारतात आणि मासिक त्यांना शास्त्रीय उत्तर देतं, तर ते अश्लील कसं? विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल. त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा दाखलाही दिला. तरी खटला हरले. २०० रुपये दंड.

का हरले असतील? मी कोड लिहिणारा माणूस, म्हणून आधी कायदाच उघडून बघितला. भारतीय दंड संहितेचं कलम २९२. त्यात ‘अश्लील’ म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती! आमच्या भाषेत, व्हेरिएबल वापरलंय पण डिफाइन केलेलं नाही. मग कोर्टं १८६८ च्या एका इंग्लिश निकालाची कसोटी लावायची: कच्च्या मनाच्या माणसाच्या हाती पडलं तर तो बिघडेल का? या कसोटीवर डॉक्टरकीचं पुस्तकही नापास होऊ शकतं.

त्या कलमात अपवाद मात्र होता. देवळावरची शिल्पं आणि धार्मिक कामासाठीची पुस्तकं-चित्रं यांना सूट! विज्ञानाला नाही. म्हणजे दगडात कोरलेलं चालेल, कागदावर छापून समजावलेलं चालणार नाही.

विज्ञान, साहित्य, कला आणि ज्ञानासाठी, लोकहितासाठी असलेल्या मजकुराला सूट मिळाली १९६९ च्या दुरुस्तीत. तोवर कर्वे जाऊन १६ वर्षं झाली होती. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. खटले झाले, दंड झाले, तरी मासिक २६ वर्षं निघत राहिलं. सरकारला ते बंद पाडता आलं नाही.

१ जुलै २०२४ पासून कलम २९२ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आलंय. वर आता प्लॅटफॉर्मचे फिल्टर. शब्दांची यादी देऊन मजकूर गाळायचा कोड मी दहा मिनिटांत लिहीन. पण तोच शब्द डॉक्टरने वापरलाय की टवाळाने, हे त्या यादीला कळत नाही. १९३४ च्या कोर्टालाही ते कळलं नव्हतं.

आपल्या जळगाव-धुळ्यात आजही मुलं हे प्रश्न कुणाला विचारतात? रात्री, इन्कॉग्निटो मोडमध्ये, गुगलला. कर्वे त्याच प्रश्नांना नावानिशी, छापून उत्तर द्यायचे. आज कोण देतंय, तेवढं शोधा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!