‘विडियाचं टूल’ : संपादकीय तळटीप

* विडिया : टंगस्टन कार्बाइडची टीप. लेथवरच्या कामगारांच्या तोंडी रुळलेलं हे नाव मुळात १९२०च्या दशकातल्या एका जर्मन मालाचं. टंगस्टनसारख्या संक्रमण धातूंच्या अणूंमध्ये ज्या बारीक पोकळ्या राहतात, त्यांत कार्बन, नायट्रोजन किंवा हायड्रोजनचे छोटे अणू बसून जी संयुगं होतात, त्यांपैकी हे एक. धातूची चकाकी आणि वीजवहन टिकतं, कडकपणा मात्र हिऱ्याच्या जवळ जातो. पाठ्यपुस्तकं वाचून वाटतं की कार्बन नुसता रिकाम्या जागी जाऊन बसतो. ते अर्धंच खरं. टंगस्टन कार्बाइडमध्ये धातूचे अणू आपली मूळ मांडणी सोडून नव्याने रचले जातात, आणि कार्बनशी पक्के बंधही जोडतात. कडकपणा येतो तो त्यातूनच. हेन्री म्वासाँ या फ्रेंच रसायनज्ञाने १८९०च्या दशकात विद्युतभट्टीत हे संयुग बनवलं होतं, पण ते फार ठिसूळ. पुढे जर्मनीत त्याच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून, दाबून, सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजण्याची युक्ती निघाली आणि माल कारखान्यात आला. ठिसूळपणा थोडा उरलाच. म्हणून पोलादी दांड्याला टीप तेवढी ब्रेझिंगने जोडतात. लेखकाचे उस्ताद साध्या ग्राइंडरला टूल लावू देत नसत, हिरव्या चाकावरच धार काढायला लावत, तो निव्वळ खाक्या नव्हता : हिरवं चाक सिलिकॉन कार्बाइडचं असतं, साध्या चाकाने विडिया नीट घासली जात नाही.