दस्तकाची वंशावळ

वाळूला वेष्टन नसते. साखरेला पोते असते, मद्याला बाटली असते, आगकाड्यांना डबी असते, आणि म्हणून या पदार्थांवर कर भरल्याची खूण डकवता येते. परंतु भीमेच्या किंवा घोड नदीच्या पात्रातून उपसलेली वाळू एकदा हायवा ट्रकच्या हौद्यात पडली, की ती स्वामित्वधन भरून निघाली आहे अथवा रात्री सक्शन बोटीने चोरून ओढली आहे, हे तिच्याकडे कितीही न्याहाळून पाहिले तरी कोणा तहसीलदारास सांगता येत नाही. तेव्हा खूण वाळूवर न करता ती वाहणाऱ्या गाडीच्या हाती द्यावी लागते, आणि शिरूर व दौंड या तालुक्यांत वाळूच्या चालकाकडे जो बारकोड छापलेला पास मागितला जातो, तो याच अडचणीचे अपत्य होय. गाडीचा क्रमांक, किती ब्रास, कोणत्या घाटावरून, कोणत्या गावी, आणि किती वाजेपर्यंत, एवढे त्यावर असावे लागते. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे शहरातल्या वाचकासाठी, गावाकडे ते शाळकरी पोरही सांगेल.)

त्या काळ्या रेघांमुळे कागद नवा दिसतो. त्याचे कुळ मात्र पेशवाईच्याही मागे जाते. मराठी राज्यात मालाची जकात एकाच ठिकाणी भरून मोकळे होता येत नसे. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे उतरवून विकला तेथे थळमोड, आणि मधल्या चौक्यांवर वाटेची जकात निराळी. त्यातही काही ठाणी सरकारची, काही जहागीरदारांची, आणि बहुतेक मक्त्याने दिलेली. वजनेमापे तपासून त्यांवर छाप मारण्याचीही बटछपाई नावाची स्वतंत्र पट्टी असे. ज्या व्यापाऱ्यास माफी वा सवलत मिळाली असेल त्याला दस्तक दिले जाई, आणि अमुक इतक्या बैलांवरून अमुक माल जात आहे, वाटेत कोणी मुजाहीम न होणे, अशी ताकीद त्यात चौकीदारांना असे. बैल मोजता येत होते. गोणीत काय आहे हे बहुधा कागदावरच विसंबून मानावे लागे.

या जंजाळातून व्यापाऱ्यांनी जी वाट काढली ती मला फार शहाणपणाची वाटते. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात हुंडेकरी नावाच्या एका वर्गाचे वर्णन आहे. हुंडेकऱ्याने व्यापाऱ्याकडून एक ठरीव रक्कम घ्यावी, माल साऱ्या मुलखातून पार करून द्यावा, वाटेतल्या मक्तेदारांशी हिशेब परस्पर मिटवावा, आणि कोणाचे देणे थकलेच तर त्याचा जाब आपण द्यावा, असा तो व्यवहार होता. येथे हमी कागदाची नव्हती, माणसाची होती, आणि त्या माणसाचे नाव व घर प्रत्येक जकातदारास ठाऊक होते. 'एक देश, एक कर' ही वस्तू व सेवा कराची घोषणा २०१७ साली दुमदुमली, तेव्हा या हुंडेकऱ्यांची कोणाला आठवण झाल्याचे मी ऐकले नाही. त्यांचे आडनाव तेवढे अजून आपल्याकडे टिकून आहे.

दस्तकाचा दोष मात्र जन्मजात आहे: ते मालाला चिकटलेले नसते. फर्रुखसियर बादशहाने १७१७ साली इंग्रज कंपनीस बंगालमध्ये जकातमाफीचे फर्मान दिले. ते कंपनीच्या व्यापारापुरते असताना कंपनीच्या नोकरांनी त्या फर्मानावरून निघणाऱ्या दस्तकांखाली आपला खाजगी माल नेला, इतकेच नव्हे तर देशी व्यापाऱ्यांनाही ती विकली. नबाब मीर कासीमने विटून १७६३ साली सर्वांचीच जकात उठवली, तेव्हा माफी सर्वांना मिळाली हेच कंपनीच्या लोकांस सोसले नाही, आणि लढाई जुंपून प्रकरण पुढच्या वर्षी बक्सारच्या रणांगणापर्यंत गेले. एका कागदापायी सुभा गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कलहाच्या मुळाशी तो कागद होता, यात मात्र वाद नाही.

मुंबई इलाख्यातल्या वाटेवरच्या जकाती इंग्रजांनी १८३८ साली उठवल्या आणि ती तूट मिठावरचा कर लावून भरून काढली. पुढे १८५८ साली लोहमार्ग दौंडवरून दिकसाळपर्यंत गेला, १८७८ साली दौंड-मनमाड फाटा निघाला, आणि जकातीच्या दस्तकाऐवजी रेल्वेची बिल्टी व्यापाऱ्याच्या बासनात आली.

याच सुमारास करवसुलीच्या विद्येत एक मोठा पालट घडत होता. माल फिरत असताना त्याला अडवण्यापेक्षा तो जेथे जन्मतो तेथेच खूण करावी, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. १८७८ च्या अबकारी कायद्याखाली ताडीचा हिशेब लागावा म्हणून छेद दिलेल्या झाडांवरच क्रमांक घातले गेले. १९३४ साली साखरेवर आणि आगकाड्यांवर उत्पादनशुल्क बसले, तेव्हा आगपेटीसाठी नाशिकच्या मुद्रणालयात छापलेली 'बँडरोल' नावाची कागदी पट्टी आली. कारखानदाराने ती पैसे भरून घ्यायची आणि डबीवर अशी डकवायची, की आतला खण सरकवताना ती फाटलीच पाहिजे. एकदा फाटलेली पट्टी दुसऱ्या डबीला लावता येत नाही. फाटणे हाच तिचा सद्गुण, आणि दस्तकात नेमका तोच नव्हता. जेथे एवढी पट्टीही परवडत नाही, तेथे यंत्र मोजले जाते: २००८ साली पानमसाल्याच्या पुड्या मोजण्याचा नाद सोडून सरकारने पुड्या भरणाऱ्या यंत्रांवर शुल्क आकारले.

शहरांच्या वेशीवर पुढे आलेल्या जकातनाक्यांची कहाणी थोडक्यात आटोपते. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, पुणे महापालिकेची २०१३ साली, आणि २०१८ पासून मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिल फिरू लागले, ज्याची मुदत आज दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस या हिशेबाने ठरते. तंबाखूच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करारही २०१८ सालीच अमलात आला, आणि २०२५ च्या वित्त अधिनियमाने निवडक मालावर एकमेव ओळखखूण उमटवण्याची तरतूद वस्तू व सेवा कराच्या कायद्यात घातली. मालावरच्या या खुणा बँडरोलच्या वंशज होत, ई-वे बिल मात्र दस्तकाचे.

वाळू मात्र या वंशात बसत नाही. तिला ना झाडासारखा बुंधा, ना डबीसारखा खण. म्हणून तिचा पास बारकोडाने कितीही सजवला तरी गुणाने तो अठराव्या शतकातले दस्तकच राहतो, आणि एका पासावर दोन-तीन खेपा मारण्याची जी युक्ती घाटावर चालते म्हणतात, तीही तितकीच जुनी आहे. त्यात भूगोलही चोराला सामील. भीमा काही अंतर शिरूर आणि दौंड यांच्या सीमेवरून वाहते, तर घोड पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या. एका काठावर महसुलाचे पथक आले, की बोट दुसऱ्या काठाला लागते. बोटी जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या येतात, जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली गाड्या जप्त होतात, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, २०१३ चे गौण खनिज नियम आहेत, आणि २०२३ साली तर ब्रासला ६०० रुपये दराने सरकारी आगारातून वाळू देण्याचे धोरणही जाहीर झाले होते. तरीही थळभरिताच्या जागी, म्हणजे वाळू जेथे भरली जाते त्या घाटावर, रात्री उभा राहणारा विश्वासू माणूस नसेल, तर पुढचे सारे पास हे न पाहिलेल्या मालाचे निर्दोष हिशेब ठरतात, असे माझे मत आहे.

तोवर गिऱ्हाईकाने एवढे करावे. घराचे काम काढले असेल आणि दारात वाळूची गाडी आली असेल, तर रिकामी करण्यापूर्वी चालकाकडे त्या खेपेचा पास मागून घ्यावा, त्यावरचा क्रमांक गाडीच्या पाटीशी आणि मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी, आणि जुळत नसेल तर गाडी भरलेलीच परत धाडावी.