नारळावरची कुस्ती ते क्रीडा संकुल : लेकराच्या खेळाचा खर्च कोणी केला?

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग नांदेड आणि लातूरचा आहे, आणि प्रश्न घरातला आहे. लेकरू खेळतंय, चांगलं खेळतंय, मास्तर म्हणतात याला पुढे जाऊ द्या. मग पुढे जायचे पैसे कोण देणार? आज सरकारच्या योजना आहेत, अनुदान आहे, शिष्यवृत्ती आहे. पण या योजना यायच्या आधी काय होतं, आणि त्या आल्यावर घरातला हिशेब किती बदलला, हे आज बघू.

सुरुवात माळेगावपासून करतो. लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाची जत्रा, मार्गशीर्षातली थंडी. घोडे, गाढवं, उंट, लावणी, आणि कुस्त्यांचा फड. आपल्याकडच्या जत्रेत कुस्त्यांचा एक क्रम असतो. आधी लहान पोरं उतरतात. आठ-दहा वर्षांची, लंगोट नीट बसलेला नाही, अंगाला माती. बक्षीस काय, तर रेवड्या नाहीतर नारळ. मग दहा-वीस रुपयांची जोड, मग शंभराची, मग हजाराची. दिवस कलायला लागला की शेवटची मोठी कुस्ती, आणि हलगीचा ठेका वाढतो.

आपण याला करमणूक म्हणतो. मला विचाराल तर ही खेळाच्या खर्चाची जुनी व्यवस्था होती. गावानं वर्गणी काढायची, आणि ती वयाप्रमाणे, ताकदीप्रमाणे पोरांत वाटायची. नारळाला किंमत फार नव्हती. पण तो नारळ घरी नेला की आई म्हणायची, चला, पोरगं काहीतरी घेऊन आलं. पुढच्या जत्रेपर्यंतच्या दुधाला घरातून परवानगी मिळायची.

खुराकाचा हिशेब

पैलवान पोसणं म्हणजे दारात हत्ती बांधणं, असं म्हातारी माणसं म्हणतात. दूध, तूप, बदाम. तालमीत जायला फी नसेल, पण खुराक चुकत नाही. आजचा साधा हिशेब करा. रोज एक लिटर दूध, साठ रुपयांनी धरलं तरी महिन्याला १,८०० रुपये. नुसतं दूध. पळणारी पोरगी असेल तर बूट आले. कबड्डी, खो-खो असेल तर गावोगावचं प्रवासभाडं आलं. शेतमजुराच्या घरात हा आकडा किराण्याशी भांडतो.

पश्चिम महाराष्ट्रात या खर्चाला एक मोठा आधार होता, तो म्हणजे संस्थान. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, १९१२ साली खासबाग मैदान झालं. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यात. इथं आखाडा काढायचा म्हटलं तरी राज्यकर्त्यांना संशय. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ज्या तक्रारी होत्या, त्यांत आखाड्यांवरच्या बंधनांचाही विषय होता. म्हणजे तिकडे राजा तालमीला पैसे देत होता आणि इकडे तालीम राजकारणात गणली जात होती. १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. तोवर इथल्या पोराच्या पाठीशी गाव, जत्रा आणि घरची म्हैस एवढंच होतं.

प्राचार्यांचं घर गहाण

पण राजा असलेल्या भागातही, राजा गेल्यावर काय झालं बघा. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर संस्थान विलीन झालेलं. आता सरकारकडे मागायचं. खाशाबांनी सरकारदरबारी खेटे घातले. शेवटी गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ पदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून त्यांची मिरवणूक निघाली ती शंभराहून जास्त बैलगाड्यांची. आणि खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या लढून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

या गोष्टीत आपण त्यागाला दाद देतो, आणि द्यायलाच पाहिजे. पण हिशेबाच्या वहीत पाहिलं तर तिथं एक रोग दिसतो. खर्च पदकाच्या आधी, आणि कौतुक पदकाच्या नंतर. आधीचा पैसा गहाणातून आला. हा रोग पुढं सत्तर वर्षं कुठं कुठं दिसतो, ते लक्षात ठेवा.

लातूरचा पोरगा, कोल्हापूरची तालीम

१९६१ ला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली आणि पहिलं अधिवेशन आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादला झालं. १९६९ चं अधिवेशन लातूरला. तेव्हा लातूर जिल्हाही नव्हता, उस्मानाबादचा भाग होता. जिल्हा झाला १९८२ ला. त्या लातूरच्या मैदानात गदा उचलली ती निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी. घरच्या मातीत घरचा पैलवान. पण हे पैलवान तयार झाले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. मामा पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि वस्ताद म्हणून पोरं घडवली ती पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत.

पुढची पिढी बघा. लातूरचे काका पवार, अर्जुन पुरस्कार मिळालेले मल्ल. त्यांचं कुस्ती संकुल पुण्यात, कात्रजला. जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत बालेवाडीत झाली, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. म्हणजे वस्ताद लातूरचा, एक पैलवान लातूरचा, आणि तालीम पुण्याची. पन्नास वर्षांत लातूरनं पैलवान कमी दिले नाहीत, पण पैलवान व्हायचं तर घर सोडायचं हा नियम तसाच राहिला. घर सोडणं म्हणजे खोलीभाडं, खानावळ, खुराक. ज्याच्या बापाकडं विकायला काही नाही, त्याचं पोरगं जत्रेतच थांबलं.

सरकार येतं, ते इमारत घेऊन येतं

आता सरकारकडे येऊ. १९९४ ला पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. १९९६ ला राज्याचं क्रीडा धोरण आलं. त्यातून क्रीडा प्रबोधिनी निघाल्या. ही योजना बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. लहान वयात चाचण्या घेऊन पोरं निवडायची, आणि राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण सगळं सरकारनं बघायचं. पदक मिळायच्या कितीतरी आधी.

याचं फळ आपण २०२४ ला पाहिलं. पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेणारा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. शिक्षकाचा मुलगा. २००९ ला क्रीडा प्रबोधिनीत गेला, नाशिकला नेमबाजी शिकला. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, ते या वाटेनं. अर्थात काडतुसांसाठी त्याच्या वडिलांनाही कर्ज काढावं लागलंच. पण पहिली पायरी सरकारनं उचलली होती. अडचण एवढीच की प्रबोधिनीच्या जागा मोजक्या, आणि इथंही घर सोडायचंच.

बाकी बराचसा पैसा गेला संकुलांत. तालुका, जिल्हा, विभागीय क्रीडा संकुल. अनुदानाची मर्यादा आधी अनुक्रमे १ कोटी, ८ कोटी आणि २४ कोटी होती, नंतर ती ५, २५ आणि ५० कोटी झाली. मैदान पाहिजेच, त्याला माझा विरोध नाही. पण भिंत बांधायला कोटी आणि भिंतीच्या आत पळणाऱ्या लेकराच्या दुधाला काही नाही, हे गणित मला जुळत नाही.

२००८ ला केंद्राची 'पायका' योजना आली. आपल्याकडं सगळे पायका स्पर्धाच म्हणायचे, पूर्ण नाव कोणाला आठवायचं नाही. ग्रामपंचायतीला मैदानासाठी एकदाच १ लाख रुपये. आज समग्र शिक्षा अभियानातून शाळांना खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त ५,००० रुपये मिळतात, ते प्राथमिकला. उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,०००. माझ्या शाळेतही एक साहित्याची खोली होती. तिला कायम कुलूप. चेंडू फाटला तर हिशेब द्यावा लागतो, म्हणून चेंडू आतच सुरक्षित!

खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये खर्चासाठी मिळतात. ही खरोखर घरापर्यंत पोचणारी मदत. पण तिथवर जायचं तर आधी राष्ट्रीय पातळीवर दिसावं लागतं.

लातूर पॅटर्न आणि पाच टक्के

आता घरातला दुसरा हिशेब. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पालक पैसा खर्च करत नाहीत असं कोण म्हणेल? लातूर पॅटर्नसाठी लोक जमिनी विकतात. नांदेडच्या क्लासेसमध्ये पोरगं घालायला आई खोली करून राहते. कारण तिथं पैसा टाकला तर डॉक्टर निघेल अशी आशा आहे. खेळात काय निघणार?

सरकारच्या ज्या निर्णयानं पालकांचं मत खरोखर हललं, तो अनुदानाचा नव्हताच. ३० एप्रिल २००५ चा शासन निर्णय, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. आणि दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण, जास्तीत जास्त २५. आता खेळाचं भाषांतर झालं, मार्कांत आणि नोकरीत. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या घरी त्याला किंमत आली.

पण जिथं कागदाला किंमत येते तिथं कागद विकलाही जातो. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं पकडली गेली, गुन्हे दाखल झाले. ज्यांनी आयुष्यात ट्रॅम्पोलिन पाहिलं नाही ते त्याचे खेळाडू! नुकसान झालं खऱ्या खेळाडूचं, त्याला आता पडताळणीसाठी हेलपाटे.

आणि बघा, हीसुद्धा मदत नंतरचीच. आधी खेळा, जिंका, मग नोकरी. चौदा वर्षांच्या पोरीला आज तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला जायचंय, तिच्या डब्याचं काय?

बाहेर काय केलं

हा प्रश्न आपल्याच नशिबी आहे असं नाही. कॅनडानं २००७ ला मुलांच्या खेळाच्या खर्चावर करसवलत दिली. फायदा कोणाला? जे आधी खर्च करू शकतात आणि ज्यांना कर भरावा लागतो त्यांना. गरीब घर बाहेरच राहिलं. २०१७ पासून ती सवलत बंद. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं २०१८ ला वेगळं केलं. शाळेतल्या प्रत्येक मुलामागं १०० डॉलरचं व्हाउचर, फी भरतानाच वजा. नंतर, २०२४ पासून, ते फक्त गरजू घरांपुरतं ठेवलं. दोन्हींतला फरक तोच, पैसा आधी की नंतर.

नारळ परत आणा

आपल्याकडं आधीच्या मदतीचं एक उदाहरण न ठरवता घडलंय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. खेळाची योजना नाही ती. पण मुखेडहून नांदेडला किंवा नांदेडहून लातूरला सामन्याला निघालेल्या पोरीचं आणि सोबत येणाऱ्या आईचं भाडं अर्धं झालं. अर्ज नाही, प्रमाणपत्र नाही, पदकाची अट नाही.

याच धर्तीवर मागणी करायला काय हरकत आहे? तालुक्याला जिंकलेल्या प्रत्येक लेकराला जिल्ह्याचं भाडं आणि दोन वेळचं जेवण, निघायच्या आधी, शाळेच्या हातात. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या पुढं जातात. त्याच वेळी मुखेड-कंधारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. तेव्हा पोरगं संघात राहणार की कोयत्यासोबत जाणार, हे कधी कधी दोन-तीनशे रुपयांवर ठरतं.

गुण आपल्याकडं कमी नाही. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये सुमित अंतिलसोबत भारताचा झेंडा धरून चालली ती नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव, गोळाफेकीची खेळाडू. तिथवर पोचलेली माणसं आपल्याला दिसतात. विभागाच्या सामन्याला गेलीच नाहीत ती कुठल्याच यादीत नसतात.

माळेगावची जत्रा आता नांदेड जिल्हा परिषद भरवते. म्हणजे तिथल्या फडात सरकारचा पैसा आजही येतो. जुन्या लोकांना एक गोष्ट कळली होती, की पहिलं बक्षीस सगळ्यात लहान पोराला द्यायचं, तो अजून कोणी नसताना. तो नारळ सरकारला जमला, तर संकुलाच्या भिंतीही कामी येतील.

तुमच्या गावच्या जत्रेत पहिली कुस्ती कशावर लागायची, नारळावर की रेवड्यांवर, ते नक्की कळवा. आणि घरातल्या कोणी खेळ सोडला असेल तर का सोडला, तेही विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा छोट्या आकड्यात असतं. भेटू पुढच्या भागात. राम राम मंडळी.