फोरशोअर म्हणजे नक्की कुठली जमीन?

मागच्या रविवारी पाचूबंदरला गेलो होतो. वलांड्यांवर बोंबील सुकत होते. एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "मास्तर, नकाशात फोरशोअर लिवलंय, ते काय असतं?" मी पटकन म्हणालो, "किनारा." घरी आलो आणि लक्षात आलं, चुकीचं सांगितलं.

किनारा म्हणजे फोरशोअर नव्हे. भरतीला बुडतो आणि ओहोटीला उघडा पडतो, तेवढाच पट्टा फोरशोअर. आपली पुळण म्हणजे वाळू, ती भरतीच्या वरही असते. आणि खाडीकडे तर पुळण नाहीच, नुसता चिखल. 'बीच' हा शब्द शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा, तो सोडून देऊ.

हा शब्द मालकी ठरवतो, म्हणून एवढं खोलात जातोय. 17व्या शतकात मॅथ्यू हेल या इंग्रज न्यायाधीशाने मांडलं की दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नसेल, तर हा पट्टा राजाचा. पण मग भरतीची रेघ कुठली धरायची? 1854 मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं, उधाणाची नाही, भांगाचीही नाही, मधली साधारण भरती धरा. आपल्याकडे राजाच्या जागी सरकार आलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20 वाचा: भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा, खाड्यांचा तळ राज्य सरकारचा, कुणाचा हक्क शाबीत झाला असेल तेवढा सोडून.

आता गंमत बघा. 19 फेब्रुवारी 1991 ची सीआरझेड अधिसूचना भरतीरेषा मोजायची ती 'स्प्रिंग टाइड'ने. (वसंत ऋतूचा इथे काही संबंध नाही हो! अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ते.) म्हणजे इंग्रज कोर्टाची रेघ वेगळी, सीआरझेडची वेगळी. भांग आणि उधाणातला हा फरक कोळीवाड्यात लहान पोरालाही कळतो, कारण होडी त्यावरच निघते.

शिवाय पाणी एका जागी राहतं कुठे? सोपारा प्राचीन बंदर, ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्येही त्याचं नाव आहे. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथेच सापडला. आज त्याच सोपाऱ्यातून समुद्र बघायचा तर कळंब नाहीतर राजोडी गाठावी लागते.

वलांड्या बहुतेक भरतीच्या वरच्या वाळूवर असतात, म्हणजे फोरशोअरच्या बाहेर. पण सातबारावर त्या वाळूसमोर कोळ्याचं नाव शोधून बघा. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत मात्र एक ओळ फार कामाची होती: मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा मोठ्या प्रमाणाच्या स्थानिक नकाशावर दाखवायच्या. नकाशात जागा नसेल तर उद्या तिथे कोणी प्रकल्प आणला की ती 'मोकळी वाळू' ठरते.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग आमच्या वलांड्या कंच्या रंगात दावल्यात?"

मला माहीत नव्हतं. येत्या रविवारी नकाशा घेऊन पुन्हा जातोय. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथल्या सुकवणीचे जुने फोटो कुणाकडे असतील, तर साल लिहून पाठवा.