रुळांची रुंदी आणि ‘परम’चे जाळे

खानदेशच्या रेल्वे नकाशावर मुख्य मार्गाला फुटलेले दोन फाटे पाहा. चाळीसगाव–धुळे हा १९०० मध्ये सुरू झालेला फाटा साडेपाच फुटांच्या ब्रॉडगेजचा. सुमारे दोन दशकांनी आलेला ५६ किलोमीटरचा पाचोरा–जामनेर मार्ग मात्र अडीच फुटांचा. नॅरोगेज बांधायला स्वस्त. पण धुळ्यात भरलेला डबा चाळीसगावला मुख्य मार्गावर लागून थेट पुढे जाऊ शके, तर जामनेरचा माल पाचोऱ्याला उतरवून दुसऱ्या डब्यात पुन्हा भरावा लागे.

इंजिन किती ताकदीचे, हा प्रश्न पाचोऱ्याच्या फलाटावर गौण होता. महासंगणकांच्या इतिहासातही हेच घडते. प्रोसेसरची नावे लोकांच्या तोंडी राहतात, त्यांना जोडणारे जाळे कोणाला आठवत नाही. पुण्याच्या सी-डॅकला मात्र हा ‘गेज’चा प्रश्न गेल्या तीन दशकांत पुनःपुन्हा सोडवावा लागला आहे.

सी-डॅकची स्थापना १९८८ ची, संस्थापक-संचालक डॉ. विजय भटकर. अमेरिकेने भारताला हव्या त्या क्षमतेचे क्रे महासंगणक देण्याचे नाकारले होते. हवामान अंदाजासाठी जो क्रे मिळाला, त्याच्या वापरावरही कडक अटी होत्या. मग मार्ग उरला तो एकच : लहान प्रोसेसर अनेक घ्यायचे आणि त्यांना एकत्र कामाला जुंपायचे. १९९१ चा ‘परम ८०००’ असा उभा राहिला.

त्यातील प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ होते. प्रत्येक चिपला चार दुवे असत आणि शेजारची चिप थेट त्या दुव्याला जोडता येई. म्हणजे जाळे चिपच्या पोटातच. रचना सुबक होती. पण प्रोसेसर आणि जाळे दोन्ही एकाच कंपनीच्या हाती होते. इनमॉसची पुढची चिप, टी ९०००, रखडत गेली आणि अपेक्षित वेग तिने कधीच गाठला नाही. १९९४ च्या ‘परम ९०००’मध्ये सी-डॅकने प्रोसेसर बदलता येईल अशी रचना स्वीकारली. जोडणीसाठी घेतली ‘क्लॉस’ पद्धत, जी बेल प्रयोगशाळेच्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडली होती. आजची बहुतेक मोठी डेटा सेंटरे याच पद्धतीच्या वंशातली आहेत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे. १९९८ च्या ‘परम १००००’साठी सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचे जाळे घडवले : आठ पोर्टचा स्विच, प्रत्येक पोर्टवर दोन्ही दिशांना सेकंदाला ४०० मेगाबिट. ‘परम पद्म’साठी ‘परमनेट-२’ आले आणि वेग २.५ गिगाबिट झाला. २००८ च्या ‘परम युवा’मध्ये ‘परमनेट-३’, १० गिगाबिट. प्रोसेसर परदेशी, रूळ मात्र घरचे.

पण १९९९ पासून जगातील अनेक कंपन्या एकत्र येऊन ‘इन्फिनिबँड’ हे समाईक मानक घडवत होत्या. २०१३ च्या ‘परम युवा-२’मध्ये ‘परमनेट-३’च्या जोडीला इन्फिनिबँड बसले. आणि २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये जोडणी इन्फिनिबँडची होती, सेकंदाला २०० गिगाबिट वेगाची. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत या यंत्राला ६३ वे स्थान मिळाले.

येथे इन्फिनिबँड का? मोठे प्रारूप शिकवताना शेकडो जीपीयू आपापल्या वाट्याची आकडेमोड करतात, मग सर्वांची उत्तरे एकत्र केली जातात आणि त्यानंतरच पुढची पायरी सुरू होते. एकाचे उत्तर उशिरा आले की बाकीचे सारे हात बांधून बसतात, आणि वीजबिल चालूच राहते. साधे इथरनेट (१९७३, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतले) गर्दी झाली की माहितीची पाकिटे टाकून देते आणि ती पुन्हा पाठवायला लावते. इन्फिनिबँडमध्ये पुढच्या टोकाला जागा आहे असे कळल्याशिवाय पाकीट निघतच नाही. पुढच्या स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी सोडायची नाही, असाच हा शिरस्ता.

मग वाद कशाचा? मालकीचा. इन्फिनिबँडची सामग्री बनवणारी प्रमुख कंपनी मेलानॉक्स एनव्हिडियाने २०२० मध्ये विकत घेतली. जीपीयू विकणाराच रूळही विकू लागला. ट्रान्सप्युटरच्या काळातील जुनीच अडचण वेगळ्या वेशात परतली. इथरनेटचे स्विच मात्र अनेक कंपन्या बनवतात. म्हणून इन्फिनिबँडची थेट स्मृती-ते-स्मृती पाठवण्याची रीत इथरनेटवर आणणारी ‘रॉकी’ पद्धत पुढे आली. मेटाने २०२४ मध्ये जाहीर केले, की त्यांनी प्रत्येकी २४,५७६ जीपीयूंचे दोन समूह बांधले : एक रॉकीवर, दुसरा इन्फिनिबँडवर. ‘लामा ३’च्या प्रशिक्षणाला दोन्ही वापरले गेले. इथरनेट जमते, हे सिद्ध झाले. मात्र गर्दीचे नियंत्रण हाताने बारकाईने जुळवावे लागते. ते जमणारे अभियंते पदरी नसतील, तर स्वस्त स्विच महागात पडतो. २०२३ मध्ये ‘अल्ट्रा इथरनेट’ गट स्थापन झाला आणि २०२५ मध्ये त्याचे पहिले मानक प्रसिद्ध झाले.

सी-डॅकने इन्फिनिबँड स्वीकारल्यावरही आपला नाद सोडलेला नाही. ‘परम रुद्र’ यंत्रांच्या बरोबरीने ‘त्रिनेत्र’ हे नवे स्वदेशी जाळे आकाराला येत आहे. त्याची ‘त्रिनेत्र-ए’ ही आवृत्ती सेकंदाला १०० गिगाबिटची, पुढची २०० ची. २०२४ मध्ये एनव्हिडियाने ८०० गिगाबिटचे स्विच जाहीर केले होते.